मधली गाडी

माझ्या बायकोची समजूत आहे की मी तिला सगळं सांगतो. बरंचसं सांगतोही. हे नाही सांगितलं — तिला नाही, कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीटसं कळत नाही. दमलोय, म्हणून असेल.

मी मूळचा साताऱ्याचा. नोकरी इकडे तमिळ मुलखात, सिरुसेरीत, भाड्याचं घर वेलचेरीत. रविवारी सकाळी आम्ही तिघं मोटरसायकली काढून समुद्राकाठच्या रस्त्याने कोवलमच्या पुढपर्यंत जायचो. पुढे सेल्वम, माझ्या ऑफिसातला. मधे मी. शेवटी राव सर — बँकेतून निवृत्त झालेले, तंजावरकडचे मराठी, पिढ्यानपिढ्या इकडेच राहिलेले. तिघांच्याही हेल्मेटमध्ये इंटरकॉम. पण सेल्वमचा आवाज शेवटच्या गाडीपर्यंत पोचायचा नाही. म्हणून तो जे सांगेल — खड्डा, कुत्रं, बस — ते मी मागे सांगायचं. मधल्या गाडीचं कामच ते.

आणि राव सर बोलायचे. अखंड. बायको गेल्यापासून त्यांच्या घरात मराठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगा इंग्रजीत उत्तर द्यायचा, सून तमिळमध्ये. मग आठवडाभर साठलेलं सगळं रविवारी माझ्या कानात. जुन्या वळणाची मराठी, तमिळ हेलातली. मिठागर दिसलं की विचारायचे, ‘याला तुमच्याकडे काय म्हणतात?’ होडी दिसली की तेच. मी सांगितलं की ‘सरी, सरी’ — म्हणजे बरं, बरं — करत तो शब्द दोनदा म्हणून बघायचे. सुरुवातीला मला गोड वाटायचं. खरंच वाटायचं. पण पुढे कान किटले. पाच दिवस मीटिंगा ऐकून डोकं उठलेलं, आणि रविवारीही कुणीतरी कानात बसलेलंच?

तर मी काय करायचो — त्यांचा आवाज बंद करायचो. फक्त त्यांचा. सेल्वम मला ऐकू येत राहायचा. मागची लाइन बंद केली की माझंही मागे ऐकू जायचं नाही. मागे राव सरांना पत्ताच नसायचा, ते आपले बोलत असायचे. अधूनमधून चालू करून मी ‘हं’ म्हणायचो आणि पुन्हा बंद. हे एकदा नाही, कितीतरी रविवार. वाईट वाटायचं का? नाही वाटायचं. आपण किती शिताफीने सुटलो, असंच वाटायचं.

त्या सकाळी कोवलमच्या पुढच्या वळणावर वाऱ्याने रस्त्यावर वाळू आणून टाकली होती. सेल्वमने वेळेवर सांगितलं. मी ऐकलं. माझी गाडी सावकाश काढली. राव सरांचा आवाज तेव्हाही बंदच होता; मागे सांगायला एक बटण दाबायचं होतं — एवढंच. पण दाबलं की त्यांचं बोलणं पुन्हा सुरू होणार, असं माझ्या मनात आलं. नक्की आलं, विसरलो होतो असं मला म्हणता यायचं नाही. म्हटलं, बघतील की, डोळे आहेत. हात खाली करून खूण केली असती तरी भागलं असतं. पण इंटरकॉम आल्यापासून ती सवयच सुटली होती. मग आरशात त्यांची गाडी आडवी झालेली दिसली.

कोपर मोडलं होतं. हॉस्पिटलात सेल्वमने मला विचारलं, ‘वाळूचं मागे सांगितलंस ना?’

मी ‘हो’ म्हणालो. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. आणि खाटेवरून राव सरच म्हणाले, ‘सांगितलंच असणार. मीच बडबडत होतो. ऐकलं नाही.’

तेव्हा बोलता आलं असतं. तिघंच होतो. पण मला — कसं सांगू — हायसं वाटलं. ते वेदनेने कण्हत होते आणि मला हायसं वाटलं. पडले तेव्हाही ते काहीतरी सांगत असणार, मला काहीतरी विचारत असणार. काय, ते मला कधीच कळणार नाही. विचारायची सोय मी ठेवली नाही.

हात आता पूर्ण सरळ होत नाही. गाडी त्यांनी विकली. कधीतरी सेल्वमच्या मागे बसून येतात, हेल्मेटमध्ये इंटरकॉमही असतो. पण तोंडातून चकार शब्द नाही. मिठागर येतं, जातं. कोवलमच्या होड्या येतात, जातात. मला हवी होती ती शांतता मिळाली आहे. ती ऐकवत नाही.

मागच्या रविवारी मीच विचारलं, ‘राव सर, या होडीला तुमच्या घरात काय म्हणायचे?’

ते म्हणाले, ‘नको. मी बोलत बसेन, तुम्ही काही सांगाल, आणि परत ऐकायचं राहील.’

वाळूच्या त्या दिवशी मी काहीच सांगितलं नव्हतं.