सॅकला लागलेला पाय

कॉलेजच्या आम्ही तिघी मैत्रिणी पन्नाशी उलटल्यावर पाठीवर सॅक टाकून टोरांटोहून शिकागोला निघालो होतो. वाटेत डेट्रॉइटला सकाळी बस बदलायची होती. स्टँडच्या बाकावर एक म्हातारा पेंगत होता. पायाशी दोरीने आवळलेली, फुगलेली सॅक. बघताक्षणी कळत होतं, आमच्या सॅकमध्ये दहा दिवसांचे कपडे आहेत आणि याच्या सॅकमध्ये घर आहे.

जाता जाता आमच्यातल्या सुमनचा पाय त्या सॅकला लागला. ती वाकली आणि सॅकला लावलेला हात तिने कपाळाला लावला. म्हातारा दचकून उठला. चोरीच होतेय असं वाटून त्याने सॅक छातीशी कवटाळली. सुमन रडवेली झाली. "अगं, सांग ना त्याला, पाय लागला म्हणून नमस्कार केला!"

मी इंग्रजीत सांगितलं, हात कपाळाला लावून दाखवलाही. "माझ्या बॅगेला?" एवढंच त्याने विचारलं.

प्रश्न बरोबरच होता. पाय लागला तर आपण पुस्तकाला नमस्कार करतो, माणसाला करतो. सामानाला कोण करतं? आमच्या सॅकना तर सुमन आठवडाभर पायानेच सरकवत होती. या सॅकपाशी मात्र तिचा हात आपोआप खाली गेला.

थोड्या वेळाने म्हातारा त्याच्या बसकडे निघाला. वाटेत त्याचा बूट माझ्या सॅकला घासला. तो थांबला, कष्टाने वाकला आणि सॅकला लावलेला हात त्याने कपाळाला लावला.

आत नुसते कपडे होते. तरी मी ती सॅक दोन्ही हातांनी उचलली.