न बसणारं दूध

लतिका खासनीस दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून रोज बसने प्रयोगशाळेत जायची आणि संध्याकाळी पदराला अमोनियाचा वास घेऊन परतायची. तिची मुलगी देविका खाली खेळणाऱ्या पोरींना सांगायची, "मम्मी हड्डी बनाती है." ते अगदीच खोटं नव्हतं. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे पाण्यासारखे दोन द्राव अमोनिया घालून थेंबाथेंबाने एकत्र केले की पांढरा साका धरू लागायचा. आपल्या हाडांतलं आणि दातांतलं खनिज तेच. लतिकाला त्याचे कण इतके बारीक हवे होते, की पाण्यात घातल्यावर ते तळाशी बसू नयेत, सुईतून थेट हाडाच्या पोकळीत जावेत.

या ध्यासाला कारण तिची नणंद, अरुणाताई. त्यांच्या नडगीच्या हाडात गाठ झाली, ती डॉक्टरांनी खरवडून काढली आणि पोकळी बुजवायला त्यांच्याच कमरेचं हाड घेतलं. "पाय कधीच बरा झाला गं," त्या म्हणायच्या, "पण कमर काही सुखाने बसू देत नाही."

काही वर्षं नुसती हार खाण्यात गेली. लतिका पांढरा साका वाळवायची, कुटायची, चाळायची, पुन्हा पाण्यात घालायची, आणि संध्याकाळपर्यंत सगळं तळाला. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर वाळवायची भट्टीच बिघडली. मग तिने तो साका ओलाच ठेवला, नीट धुतला, चिमूटभर सायट्रेटचा क्षार घालून पाण्यात दुधासारखा ढवळला आणि सुट्टीवर गेली. परत आली तर बाटलीतलं दूध जसंच्या तसं. वाळताना कण एकमेकांना चिकटत होते, ते इतकी वर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

विभागप्रमुख विश्वास टिपणीस कौतुकाच्या बाबतीत कंजूष माणूस. त्यांनी बाटली खिडकीशी धरली, कण अगदी बारीक असल्याची निळसर झाक दुधात पाहिली आणि शिपायाला जिलेबी आणायला पाठवलं.

पण नव्वदीचं दशक संपत आलं होतं, आणि सरकारी प्रयोगशाळांना वरून फर्मान आलं होतं की बाजारात खपेल असं काही करा. एक टूथपेस्टवाली कंपनी चौकशीला आली. टिपणीसांनी लतिकाला बोलावून घेतलं.

"आधी दातांसाठी देऊ त्यांना. त्या आडोशाने हाडांचं काम चालू राहील."

"सर, मंजन बनवायला मी इतकी वर्षं घासली नाहीत."

"लतिकाबाई, आडोसा म्हणतोय मी."

तिने ऐकलं नाही. कंपनी दुसरीकडे गेली, कामाला कात्री लागली, आणि त्याच रागात लतिकाने गुडगावजवळ मानेसरच्या एका नव्या टाइल्स कारखान्यात नोकरी धरली. नवरा धीरज खूश झाला. गुडगावात फ्लॅट झाला, गाडी आली. तिथेही तिचं काम तेच होतं म्हणा: टाइल्सवर चढवायचं ग्लेझ, म्हणजे चकाकीचा लेप, पाण्यात तरंगतं ठेवायचं, बसू द्यायचं नाही. ते तिच्या डाव्या हातचा मळ होता.

टिपणीसांनी मात्र तिचं काम सोडलं नव्हतं. खेटे घालघालून त्यांनी एका वैद्यकीय कॉलेजात सशांवर चाचणी करायची परवानगी मिळवली. पण त्यांच्या हातून दूध जमेना. कधी गुठळ्या, कधी साका. द्राव किती सावकाश सोडायचा, कुठे थांबायचं, हे लतिकाच्या हातालाच ठाऊक होतं. त्यांनी फोन केला.

"एक शनिवार या फक्त. एकदा समोर करून दाखवा."

"बिल्कुल सर. पुढच्या शनिवारी नक्की."

पुढच्या शनिवारी एक्स्पोर्टचा माल अडला. त्याच्या पुढच्या शनिवारी देविकाच्या शाळेत कार्यक्रम. मग ती फोन उचलायलाच कचरू लागली, कारण काय सांगायचं ते सुचेना. मनात कुठेतरी हेही होतं, की बघू दे, माझ्यावाचून कसं अडतं ते. परवानगीची मुदत सरली. टिपणीस निवृत्त झाले.

बऱ्याच वर्षांनी धीरजचा मित्र हाड मोडून गुडगावच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पडला, म्हणून लतिका भेटायला गेली. तिथला तरुण सर्जन मोठ्या हौसेने सांगत होता, "आता कमरेचं हाड काढावं लागत नाही, आंटी. परदेशातून सिरिंज येते, पांढरी पेस्ट असते, बस भर दो."

त्याच आठवड्यात ती पत्ता शोधत नोएडाला टिपणीसांकडे गेली. ते खूप थकले होते, पण त्यांनी तिला लगेच ओळखलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. शेवटी तिने धीर केला.

"सर, मी यायला हवं होतं तेव्हा."

ते "जाऊ दे" म्हणतील असं तिला वाटलं होतं. सगळेच म्हणतात.

"हो," ते म्हणाले. "यायला हवं होतं. मी दर शनिवारी अमोनिया काढून ठेवत होतो."

मग त्यांनी सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितलं, आणि देविका सध्या काय करते ते विचारलं. लतिका सांगत राहिली. ती मधेच अडली, की टिपणीस देविकाबद्दल पुढचं विचारत होते.