पत्र्याचा पंख

आमच्या शेजारच्या काकूंना कुठंही बोलवा, त्या आधी "मला न्हाई जमायचं" म्हणतात आणि म्हणता म्हणता चपला घालतात. कुणाचं बारसं असो की दवाखाना, निघेपर्यंत नकार आणि पोचल्यावर सगळ्यांच्या पुढं.

परभणीच्या कॉलेजात माझी मुलगी गाणार होती. त्या कार्यक्रमाला पोरांनी स्टीमपंक असं नाव दिलं होतं. वाफेच्या इंजिनांच्या काळातले वाटावेत असे कपडे, डोळ्यांवर पितळी चष्मे, टोप्यांवर दातेरी चाकं. आमच्या गावाहून, झरीहून, माझ्यासोबत काकू आल्याच. एकाकडं बघून म्हणाल्या, "हे पोरगं तर आंघोळीचा बंबच पाठीला बांधून फिरायलंय." मग पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत राहिल्या.

मुलगी पत्र्याचे मोठाले पंख लावून स्टेजवर आली. दुसऱ्या कडव्याला एका पंखाचा पट्टा तुटला, पंख लोंबायला लागला आणि ती गायचीच थांबली. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. मला तर उठायचंही सुचेना.

काकू उठल्या, पायऱ्या चढल्या आणि तिच्या मागं उभं राहून त्यांनी तो पंख दोन्ही हातांनी वर धरला.

"तू म्हण. म्या धरलाय."

ती गायली. लुगड्यातल्या काकू फौजदारासारखा चेहरा करून गाणं संपेपर्यंत तशाच उभ्या. लोकांना वाटलं, हे ठरवूनच केलंय. टाळ्या थांबेनात. निवेदकानं माईक पुढं करून नाव विचारलं.

"नाव कशाला पायजे? शेजारीण हाय मी हिची."

परतीच्या जीपमध्ये त्यांना हात उचलता येईना. मी झरी येईपर्यंत त्यांचे दंड चेपत बसले.