मामांचे शॉर्टकट

नकाशे छापणाऱ्या त्या कंपनीत सगळे त्यांना मामा म्हणायचे, कारण त्यांची सख्खी भाची शेजारच्याच टेबलावर बसायची आणि तिचं ऐकून बाकीच्यांनाही तीच सवय लागली. मामांना एकच नाद होता. काळ्या पडद्यावर जी हातभर लांब कमांड टाइप करावी लागते, तिला ते दोन अक्षरांचं नाव देऊन ठेवत. 'एनके' दाबलं की नकाशा थेट छपाईला. असे ढीगभर शॉर्टकट त्यांनी एका फाइलीत साठवले होते, आणि ती फाइल ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला जोडलेली होती. पोटच्या पोराचं कोणी करणार नाही इतकं त्यांनी त्या फाइलीचं केलं. भाची तर येता-जाता म्हणायची, मामा, तुम्ही नसतात तर आमची बोटं झिजली असती.

नव्या साहेबांनी ही अडगळ काढायचं ठरवलं तेव्हा मामा इरेला पेटले. आधी मोजा, मग बोला, म्हणाले. कोणी काय टाइप केलं याची नोंद कॉम्प्युटर ठेवतोच. ती वाचून, शॉर्टकट हाताशी असताना कोण तो वापरतं आणि कोण पूर्ण कमांड बडवत बसतं, हे सांगणारा प्रोग्राम त्यांनी स्वतःच लिहिला. भाचीने "कशाला मामा, राहू द्या ना" म्हणून टाळून पाहिलं. मामांना वाटलं, पोरगी लाजते आहे.

निकाल आला. मामांच्या नावापुढे भरभरून आकडे आणि बाकी सगळ्यांपुढे भोपळा. भाचीपुढेही भोपळाच. प्रोग्राम चुकला असेल म्हणून त्यांनी तो पुन्हा चालवला, पण भोपळा काही हलला नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिला जिन्यात गाठलं. ती आधी आढेवेढे घेत राहिली, मग बोलली. जुन्या फाइली आवरायचा शॉर्टकट मामांनी एकदा कोणाला न सांगता 'सुधारला' होता आणि त्या सुधारणेत तिचा पुरा होत आलेला नकाशा पुसला गेला. तेव्हापासून कोणीच त्यांच्या शॉर्टकटना हात लावत नव्हतं.

"मग तोंडावर वाहवा कशाला करत होतीस?"

"आईनं सांगितलं होतं. म्हणाली, दादाला तेवढंच आहे, त्याचं मन मोडू नकोस."

म्हणजे बहीणसुद्धा सामील. ताट वाढताना शॉर्टकटांची विचारपूस करणारी बहीण! सगळ्यांनी मिळून मामांना चांगलंच मामा बनवलं होतं. चूक कोणी सांगितली असती तर त्यांनी ती त्याच दिवशी दुरुस्त केली असती. तेवढी संधीही आपल्याच माणसांनी दिली नाही, हे त्यांना झोंबलं. भाचीकडे न बघता ते वर गेले आणि घरी निघण्याआधी ती फाइल त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी ते लवकर येऊन बसले. निदान एक तरी जण "मामा, हे चालत नाही" म्हणत येईल, अशी वेडी आशा होती. कोणी आलं नाही. नकाशे नेहमीसारखे छापून बाहेर पडत होते. शेवटी मामांनी कामाला हात घातला आणि सवयीने दोन अक्षरं दाबली. अशी कमांड नाही, असं पडद्यावर आलं. पूर्ण कमांड त्यांना आठवेना. शेजारी भाची तीच कमांड झरझर टाइप करत होती, पण तिला विचारायला त्यांची जीभ रेटेना.