गोठ्यातला फळा

मुंबईच्या कचेरीत आयुष्यभर माणसं सांभाळली. निवृत्त होऊन रत्नागिरीजवळ गावी आलो, चार म्हशी घेतल्या आणि त्यांना सांभाळणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं धरून चाललो. खरं तर गोठा सांभाळायच्या खालच्या वाडीतल्या काकी. धारा त्याच काढायच्या. मी दारात उभा राहून मालक दिसायचो.

काकींची एक सवय होती. कोमट पाण्याने कास धुवायला बसल्या की त्या म्हशीशी बोलू लागत. कोणाच्या पोराचं लग्न ठरलं, कोणाची सून रुसून माहेरी गेली, मासळीवालीने ताजी म्हणून काय गळ्यात मारलं. वाडीतली बातमी आम्हाला कळायच्या आधी थोरल्या म्हशीला कळलेली असायची.

अशात चिपळूणला दूधधंद्यातल्या नेतृत्वावर दोन दिवसांचं शिबिर झालं. मी अर्थातच पहिल्या रांगेत. वेळ कुठे फुकट जातो ते हुडकायला शिकलो आणि परतल्यावर गोठ्यात फळा टांगला. पहिला नियम ठळक अक्षरात: ‘कामाच्या वेळी गप्पा नकोत.’

काकींनी फळा वाचला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट धारेला बसल्या. थोरलीने पान्हा चोरला. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशी काकी आल्याच नाहीत.

मग बादली घेऊन मीच बसलो. बाकीच्या तिघींनी माझी कीव केली. थोरली ढिम्म. हिच्याशी बोलायला हवं एवढं कळत होतं, पण वाडीतलं मला काय ठाऊक? शेवटी शिबिरातलंच सांगायला लागलो. ‘ध्येय डोळ्यांसमोर हवं,’ म्हटलं, तर तिने लाथ झाडली. बादली एकीकडे, मी एकीकडे.

दुपारी गुरांचे डॉक्टर आले. कास कडक झाली होती. ‘आज दूध निघालं नाही तर सड निकामी होतील,’ ते म्हणाले. हुशारी माझी आणि भोगायचं त्या मुक्या जनावराने. मला मनापासून लाज वाटली. होतो तसाच, बनियनवर, काकींच्या घरी धावलो.

‘काकी, चुकलं माझं. चला.’

‘येऊन काय करू? तोंड शिवून बसू काय?’

‘फळा काढून फेकतो.’

‘फेकताव कशाला? शेणाच्या पाटीवर झाकण होईल.’ काकी उठल्या. ‘पन तुमी भायेर उभे ऱ्हावा.’

राहिलो. आत कास धुतल्याचा आवाज आला, मग काकींचा.

‘आयकलंस काय गो बाय? आपले भाऊ चिपळुनात जाऊन शिकून आले...’

आणि मग सगळं. पहिली रांग, फळा, उलटलेली बादली, भर दुपारी वाडीतून धावणारं बनियन. मी म्हशीला ध्येय सांगत होतो हे काकींना कोणी कळवलं, देव जाणे. त्यात पदरचंही बरंच होतं. आत जाऊन निदान दोन गोष्टी दुरुस्त कराव्यात असं फार वाटलं. तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात बादलीच्या तळाशी पहिली धार वाजली.

मी तोंड मिटून घेतलं.