बोलणारा ढोल आणि आमचे हे

ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय निम्मे परत आले, वाचा मात्र गेली. दौंडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, पहिले काही महिने हातचे घालवू नका. त्यांना बोलतं करा. पुढं अवघड होतं."

बोलतं करा! झटका येण्याआधी तरी हा माणूस माझ्याशी कुठं बोलत होता? पाऊस, ऊस आणि जेवायला वाढ, संपलं. माझं नाव तर ह्यांनी उभ्या जन्मात घेतलं नाही. आमच्या पिढीत तशी रीतच होती. "अगं ए" म्हटलं की ती मी.

तरी रोज अंग पुसून, पेज भरवून झाली की मी समोर बसायची. "आ म्हणा. मा म्हणा." हे भिंतीकडं बघायचे. दोघांच्या वाटचं मीच बोलायचं, आणि दुपारपर्यंत जीव आंबून जायचा.

अशात आमच्या इनामगावात नदीकाठची जुनी खापरं अभ्यासायला पुण्याच्या कॉलेजातून एक मुलगी आली. नायजेरियाची, योरुबा लोकांतली. मागची खोली तिला भाड्यानं दिली. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर आली आणि गुडघे टेकून खाली बसली. मला वाटलं, कानातलं पडलं. मीही वाकून शोधू लागले.

"काय सांडलं गं?"

"काही नाही, आजी. आमच्यात मोठ्यांना असाच नमस्कार करतात."

मी वाकलेली तशीच अडकले. तिनंच कमरेला धरून उभी केली.

पुण्यात तीन वर्षं काढल्यामुळं तिला बऱ्यापैकी मराठी येत होतं. संध्याकाळी ती लॅपटॉपवर तिच्या भाषेतले सिनेमे लावायची आणि मी ह्यांच्या खाटेशेजारी बसून बघायची. भाषा कळायची नाही, पण सासू, सवत आणि देवऋषी कुठल्याही भाषेत कळतात. एक जाडजूड बाई दर सिनेमात सुनेला छळायची.

"ह्या बाई खूप मोठ्या नटी आहेत," ती म्हणाली. "बाजारात गेल्या की लोक खरंच भांडतात त्यांच्याशी."

"आमच्या घरात अशी एक होती," मी म्हटलं. "तिनं फुकटात केलं."

तिचा आजोबा फिरत्या नाटकमंडळीत ढोल वाजवायचा. ट्रकमध्ये पडदे, पेट्या, बायकापोरं घालून गावोगाव खेळ. पुढं त्याच नाटकवाल्यांनी आपल्याच नाटकांचे सिनेमे काढले, आणि त्याच ट्रकमध्ये मशीन टाकून त्याच गावांना दाखवत फिरले. मालक, नट, दिग्दर्शक, सगळं एकच माणूस, आणि तिकिटं फाडायला त्याची बायको.

मला माझ्या माहेरच्या, खुटबावकडच्या जत्रेतला तंबूतला सिनेमा आठवला. मी तेव्हा सोळा वर्षांची. सिनेमा बघून आले ती हिरॉईन होऊनच. कपाळावर बट वळवायला काही मिळेना, म्हणून साखरेचं पाणी लावलं आणि कांद्याच्या वाफ्यातून मान तिरकी करून हळूहळू चालले. आई बांधावरून ओरडली, "पायात काटा मोडलाय व्हय गं?" मी उत्तर दिलं नाही. हिरॉईन उत्तर देत नसते. तेवढ्यात बटेला मुंग्या लागल्या. अशी माझी कारकीर्द, एका वाफ्याची.

एकदा तिनं त्यांच्याकडच्या एका जुन्या गवयाचा कार्यक्रम लावला. मागं ढोलवाल्यांची रांग. पाहुणे नाचत पुढं जायचे आणि गवयाच्या घामेजल्या कपाळावर नोटा चिकटवायचे.

"ही तर तमाशातली दौलतजादा!" मी म्हटलं.

आणि ह्यांच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. कुठल्या फडावर काय उधळलंय, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण झटक्यानंतरचं ते पहिलं हसू होतं, म्हणून मी सोडून दिलं.

त्या ढोलांतला एक डमरूसारखा, बगलेत दाबून वाकड्या काठीनं वाजवायचा. दाबला की आवाज चढायचा, सोडला की उतरायचा.

"आजी, हा बोलतो," ती म्हणाली. "आमच्या भाषेत आवाजाच्या चढउतारानं शब्द बदलतात. तोच चढउतार ढोल काढतो. आता बघा, पाहुण्याचं नाव घेतोय, त्याच्या बापाचं, आज्याचं."

हे टक लावून बघत होते. दुसऱ्या दिवशी मी चुलीपाशी असताना खाटेच्या कडेवर ठोके पडले. एक हलका, एक जोरात. पळत गेले. बऱ्या हातानं हे वाजवत होते.

"तुम्हाला बोलावतात," मुलगी खूश होऊन म्हणाली. "नाव घेतात तुमचं!"

माझं नाव दोन ठोक्यांत मावत नाही. ती "अगं ए" होती, अगदी त्यांच्याच सुरात. पण ते तिला कुठं सांगू? आणि मी म्हातारी खुळी, नातवंडं झाली तरी मनात धरून बसलेच ना, की वाचा आली तर एकदा नाव घेतील म्हणून.

डॉक्टरीणबाईंना ठोक्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चांगलं आहे, आजी. पण हे बोलणं नाही. आता फार आशा धरू नका." परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत होते आणि मला इतकी थकून झोप आली की रडायचं राहून गेलं.

मुलगी तिचं काम आटोपून पुण्याला गेली. ठोके राहिले. चहाला ठोके, उशीला ठोके, माशी बसली तरी ठोके. काल दुपारी जरा पाठ टेकली, तर पुन्हा सुरू. उठले.

"पाणी हवं का?"

ह्यांनी मान हलवली, नाही.

"कूस बदलू?"

पुन्हा मान हलली, नाही.

"मग हवंय तरी काय तुम्हाला?"

पुन्हा दोन ठोके. मी त्यांच्या पायथ्याशी बसले, भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. ठोके थांबले.