पाटी दिसेल असा फोटो

माझे भावजी कवळ्या बनवतात. कवळीत केसाएवढा फरक राहिला तरी म्हातारी माणसं दवाखाना डोक्यावर घेतात, त्यामुळे आठवडाभर त्यांचं काम चोख असतं. त्याची कसर ते रविवारी कॅमेऱ्यावर भरून काढतात.

कॅमेरा नवाकोरा, मिररलेस. लेन्स मात्र त्यांच्या जन्माआधीची, जुन्या बाजारातून उचललेली. मधे अ‍ॅडॉप्टरची कडी घालून दोघांचं लग्न लावलंय. या लेन्सची ख्याती अशी, की समोरच्याचा एक डोळा लख्ख येतो आणि मागचं सगळं गरगरत विरघळतं. मी डोंगरावर उभी होते की मोरीत, हे माझ्या फोटोंवरून कुणालाही सांगता यायचं नाही. "बघ, मागचं कसं लोण्यासारखं वितळलंय!" असं भावजी म्हणतात आणि आपण माना डोलवायच्या. मी मेहुणी, म्हणून मला तेवढी सक्ती नाही.

ताईने नुकतंच दुकान काढलं. इतकी वर्षं ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून लोकांचे कपडे उसवून, आवळून, सैल करून देत होती. आता स्वतःचा गाळा, काचेचं दार आणि वर तिच्या नावाची पाटी. तिला एकच हवं होतं, त्या पाटीखाली उभं राहून एक फोटो.

भावजींनी काढला. ताईची डावी पापणी अप्रतिम आली. पाटीच्या जागी लाल-पिवळी गिरकी होती.

"अहो, पाटी कुठाय?"

"अगं, ती मागे गेली. म्हणून तर नजर तुझ्यावर राहते!"

ताई भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी करते ते सगळं तुमच्या लेखी मागेच असतं," आणि मशीनवर जाऊन बसली. मला तिचं फार वाईट वाटलं. भावजींचा चेहरा तर त्यांच्या फोटोंपेक्षा पुसट झाला.

लेन्सवर एक रिंग असते. ती फिरवली की आतलं भोक लहान होतं आणि मागचंही स्पष्ट दिसतं. भावजींना हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण त्यांनी ती कधी फिरवलीच नव्हती, त्यामुळे ती जाम बसली होती. आठवडाभर ते कवळ्यांच्या हत्यारांनी ती सैल करत होते. एक आजोबा तेवढे दिवस दातांशिवाय राहिले.

रविवारी ताईला पुन्हा पाटीखाली उभं केलं. या फोटोत सगळं आलं. पाटीवरचं अक्षर न् अक्षर, हँगर, फरशीची चीर, कोळ्याचं जाळंसुद्धा. शिवाय ताईचे दोन्ही कान.

"काहीच वितळलं नाही," भावजी नापास झालेल्या पोरासारखे म्हणाले.

ताईने फोटो मोठा करून पाटी वाचली. परत वाचली. मग तिचं बोट फोटोतल्या दाराच्या काचेवर थांबलं. तिथे भावजी उमटले होते, कॅमेऱ्याआड वाकलेले, जीभ दातांत धरलेले. शर्टाचं मधलं बटण नव्हतं.

"हे कधी तुटलं?"

"झाले असतील दोनेक महिने."

ताईने सुईदोरा घेतला. "काढा तो शर्ट," ती म्हणाली. "दिवसभर लोकांची बटणं लावते, आणि हे मला दिसलंच नाही."